मागच्या बाकावरची झोप

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दारू पिऊन बस चालवली म्हणून कोर्टानं लायसन्स बंद केलं, त्याला येत्या पंधरा तारखेला दोन वर्षं होतील. तेव्हापासून शाळेच्या त्याच बसगाड्या डेपोत धुतोय. चालवायला बंदी, पुसायला मुभा! मागचं बाक मात्र मी सगळ्यात शेवटी पुसतो. का, ते विचारू नकोस.

लायसन्स परत मिळायला, मी आता पीत नाही असं घरच्या माणसाचं हमीपत्र लागतं. सोबत जोडलंय. पंधरा तारीख चुकली तर आणखी एक वर्ष हातात फडकंच. एक थेंब घेतलेला नाही, तुझी शपथ.

त्या दुपारी चौकात पोलीस नेमके माझ्याच गाडीसाठी उभे होते. कुणीतरी चुगली केली. कोण ते कळू दे, बघूनच घेतो.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, सोबत सहीही यावी.

तुझा
ढब्बू


ता. ८ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आल्यापासून पेन हातात घेते आणि खाली ठेवते. हे म्हणतात, सख्ख्या भावाला सही द्यायला एवढा विचार कसला?

बघून घ्यायचंय ना? मग मलाच बघ. त्या दुपारी तू डेपोतून फोन केलास. जीभ जड झाली होती, आणि दुसऱ्या फेरीची मुलं आणायला निघतोय म्हणून हसत सांगितलंस. तू फोन ठेवलास आणि मी पोलिसांना लावला. गाडीचा नंबरही मीच सांगितला रे. तुझं स्टिअरिंग गेलं, बायको माहेरी गेली. तुझ्यासमोर मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे.

सही केली आहे. चुगलखोर बहिणीची चालत असेल तर दे.

माया कमी करू नकोस, एवढंच मागणं.

ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मग बस धुवायला गेलो आणि मागच्या बाकापाशी पाय अडले.

घरात कुणाला न सांगितलेलं सांगतो. पोलिसांनी खाली उतरवून यंत्रात फुंकायला लावलं. गाडी रिकामी आहे, कुणाला काय होणार होतं, म्हणून मी वर हुज्जत घालत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगी डोळे चोळत उठली. पहिल्या फेरीतली. झोप लागली म्हणून उतरलीच नव्हती, आणि मी शुंभ, मोजलंही नव्हतं. तिनं मला विचारलं, घर आलं का.

शाळेनं बोभाटा होऊ दिला नाही. पण ती अजून गाडीतून उतरलेली नाही, ताई. बस रिकामी दिसते, तरी मी रोज बाकाखाली वाकून बघतो. रात्री माझा डोळा लागला की ती तेच विचारते आणि मी उठून बसतो. तू फोन केला नसतास तर पुढे पुलाचं वळण होतं.

तुझी सही डोळ्यांना लावली. हमीपत्र परत पाठवतोय. तू हमी दिलीस, मलाच माझी देववत नाही. पंधरा तारीख जाऊ दे. तिनं विचारायचं थांबवलं की मागवून घेईन.

त्या दुपारी होता तसाच लोभ ठेव.

तुझा
ढब्बू