तिकिटाच्या एक्स्टेन्शनबद्दल

प्रिय गीजुन,

तू, मी आणि या देशात 'सहमत आहे' दाबत मोठे झालेले सगळेच एका गोष्टीने नाडले गेलो आहोत. बँकेच्या पानावर पाऊल ठेवायचं तर आधी सुरक्षेचे पाच-सहा प्रोग्राम बसवा, हे आपल्या अंगवळणी पाडलं. त्यात काय लिहिलंय ते वाचायला मात्र कुणी शिकवलं नाही. 'सुरक्षा' दिसलं की आपलं बोट पुढे जातं. याला मी आळस म्हणणार नाही. ही लावलेली सवय आहे, आणि तिच्यावर कुणीतरी गबर होतंय!

झालं थोरल्या बहिणीचं, नूनाचं भाषण सुरू, म्हणशील. म्हण. डेजॉनच्या आमच्या प्रयोगशाळेत यंदा आम्ही ब्राउझरला जोडायची दोन हजार एक्स्टेन्शनं तपासली. त्यासाठी एक खोटी बाई उभी केली: मा सुनये, वय एकसष्ट, गुडघेदुखी, मुलगा बुसानला. तिच्या नावाने आम्ही पासवर्ड टाकतो, औषधं शोधतो आणि त्यातलं काय कुठे पोहोचतं ते बघतो. माझा सहकारी हान रोज आल्या आल्या विचारतो, "काय मावशी, आज कुणी लुटलं?"

मे महिन्यात तिला तुझ्या एक्स्टेन्शनने लुटलं.

हो, तेच. छुसॉकच्या सणाला गावी जायचं रेल्वेचं तिकीट आईला कधी मिळायचं नाही, पान उघडेपर्यंत गाड्या भरलेल्या, म्हणून तू तीन रविवार खपून केलेलं. पहिलं तिकीट मिळालं तेव्हा तिने अख्ख्या इमारतीत सणाचे तांदळाचे सोंगप्यॉन वाटले होते. गेल्या वर्षी तू ते जाहिरात कंपनीला विकलंस. त्यांची नवी आवृत्ती उघडलेलं प्रत्येक पान आणि टाइप केलेलं प्रत्येक अक्षर बाहेर पाठवते. चाळीस हजार माणसांचं! आईला म्हटलं, काढून टाक. तर म्हणाली, "माझ्या लेकाने केलंय ते. भावाला चोर म्हणतेस? आधी जेव." मी जेवले, आणि ती भांडी घासत मला बोलत होती तेवढ्यात काढून टाकलं.

तू चोर नाहीस. तुझी जुनी आवृत्ती मी ओळ न् ओळ वाचली. तिकिटाच्या पानाबाहेर ती कशालाही हात लावत नाही. वाचताना अभिमान वाटला रे.

तपासणीचा शोधनिबंध छापण्याआधी एक्स्टेन्शनच्या कर्त्याला कळवायचं, असा आमचा नियम आहे. कागदोपत्री कर्ता अजून तूच. लोकांचा विश्वास राहावा म्हणून कंपनीने आवृत्त्या चढवायचं खातं तुझ्याच नावावर ठेवलं, आणि त्याची किल्ली तुझ्याकडेही आहे. ई-मेल केली नाही, कारण तुझ्या ब्राउझरमध्येही ते बसलेलं आहे. तुझ्याबरोबर त्यांनीही वाचली असती आणि तुला खात्याबाहेर काढलं असतं. म्हणून हा कागद. आपोआप बसणाऱ्या नव्या आवृत्तीच्या ज्या वाटेने ही घाण चाळीस हजार घरांत शिरली, त्याच वाटेने ती दोन दिवसांत निघू शकते, कुणालाही काही दाबावं न लागता. वाचनालयातल्या संगणकावर जा आणि तुझी जुनी आवृत्ती आजच नवी म्हणून चढव.

तुझीच नूना,
सोल्हुई