नावाड्याने काढा प्यायला होता

प्रिय अंबूस,
विड्या वळायच्या रांगेतल्या तुझ्या शेजाऱ्याचा, कणारनचा, लाल सलाम.

कल्याणीचे गुडघे कसे आहेत? देवूने तिच्यासाठी तेलाची बाटली धाडली आहे, ती स्वयंपाकघरात ठेवू नका म्हणावं. मागच्या खेपेस त्यात पापड तळलेत. विनयनची पाठ अजून धरते का? दिवसभर त्या संगणकापुढे पोत्यासारखा बसतो, त्याला अधूनमधून उठून निदान भांडण तरी करायला सांग. नातीचा पुढचा दात आला का? वरच्या मजल्यावरच्या तमिळ बाईंची साखर उतरली का? (त्या मला ओळखत नाहीत, पण साखर कुणाचीही उतरलेली बरी.) सुनेचा, रेशमाचा, घसा कसा आहे? परवा फोनवर बसल्यासारखा वाटला म्हणून मी तिला मिठाच्या गुळण्या सांगितल्या. फोन ठेवल्यावर देवू म्हणाली, 'अहो, पोर रडत होती.'

तुझी प्रकृती विचारत नाही, ती मला कळली. हृदयाची झडप नीट मिटत नाही, डॉक्टर म्हणतात बदलून देतो, पुढची दहा वर्षं बघायला नको, आणि साहेब म्हणतात नको. का, तर 'आपल्या सिनेमातला नावाडी कुठे गेला होता ऑपरेशनला? आलेलं मरण त्याने हसत घेतलं.' रेशमाने हे वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलं. फोनवर तुला ऐकू येत नाही (सोयीचं तेवढं येतं), म्हणून हे पत्र. मी उपदेश करणार नाही. मी फक्त सिनेमाबद्दल लिहिणार आहे.

आपला नावाड्याचा सिनेमा नव्याने काढलाय, हे तुला कळलं असेलच. मी आणि देवू पय्यन्नूरला जाऊन पाहून आलो. नव्या नावाड्याला दाढी आहे. वाढलेली नव्हे, राखलेली. दिवसभर वल्हं मारणाऱ्या माणसाला ती कोरायला वेळ कधी मिळतो ते त्यालाच ठाऊक, आणि हाताला एक घट्टा असेल तर शपथ. दुखणं कळल्यावर तो नदीकडे बघतो. मग नदी त्याच्याकडे बघते. मग आभाळातून कुणीतरी घारीच्या डोळ्याने दोघांकडे बघतं. व्हायोलिन जे सुरू होतं ते थांबायचं नाव नाही. माणूस मेल्यावर तरी थांबेल अशी देवूला आशा होती, तर तिथून दुसरं व्हायोलिन येऊन मिळालं. लोकांना चिखलातून उतरावं लागू नये म्हणून आपला नावाडी दोन्ही काठांवर पायऱ्या बांधतो ना, त्या यात इतक्या गुळगुळीत आहेत की पहिल्या पावसात अर्धं गाव घसरून नदीत पडेल, मग नावेची गरजच नाही.

हे सगळं मी पचवलं असतं. पण पुढे ऐक. जुन्यात वैद्य म्हणतो, बाबा रे, याला औषध नाही. नव्यात कोचीची डॉक्टरीण म्हणते, औषध आहे, ऑपरेशन करू, बरा होशील. आणि हा पठ्ठ्या हात जोडून म्हणतो, 'नदीला कुणी टाके घालतं का, डॉक्टर?' थेटर टाळ्यांनी दणाणलं. मी देवूला विचारलं, 'यात नदीचा काय संबंध?' ती म्हणाली, 'गप्प बसा, लोक रडतायत.'

तर या सिनेमावर आपल्या वाचनालयात चर्चा ठेवायची असं सिनेमा मंडळाने ठरवलं. तिथला चिटणीस निधीश (आपल्या शिंपी गोपालनचा नातू, बापासारखाच घाईचा) म्हणाला, जुना सिनेमा पहिल्या आठवड्यात पाहिलेले गावात तुम्हीच उरलात, तुम्ही बोला. मी हो म्हणालो. (नाही म्हणायची सवय मला नाही, हे तुला माहीत आहे.) नाक्यावर लावायच्या फलकासाठी त्याने माझा फोटो मागितला, मी विडी कामगार कार्डावरचा दिला, काळापांढरा. फलक छापणारा बिचारा वर्षभर दोनच प्रकार छापतो, लग्नाचे आणि श्रद्धांजलीचे. माझा फोटो बघून त्याने आपल्या अकलेने निवड केली. चारी बाजूंनी पांढरी फुलं, कोपऱ्यात तेवती समई, वर माझं नाव, दादा लावून, 'कणारेट्टन', मध्ये 'मरण: तेव्हाचं आणि आताचं', खाली 'आज पाच वाजता वाचनालयात'. आता तूच सांग, आपल्या गावात कुणी म्हातारा पांढऱ्या फुलांच्या चौकटीत पाच वाजता वाचनालयात आहे म्हटल्यावर मधली ओळ कोण वाचतो? पाचला अंत्यदर्शन, सहाला उचलणार, एवढंच लोक वाचतात.

पहिली झळ देवूला बसली. मासेवाला हमजा आमच्या दारावरून भोंगा न वाजवता, मान खाली घालून निघून गेला. ती मागून हाका मारतेय, आणि तो वळून म्हणतो, 'आज राहू द्या एडत्ती, आज तुम्हाला तारली कशी विकू?' तिला वाटलं मासळी शिळी असेल, दुपारी आम्ही पेज आणि चटणी खाल्ली.

पाच वाजता मी वाचनालयात पोचलो, कडक इस्त्रीचं पांढरं मुंडू नेसून. निधीशने उद्घाटनासाठी माझ्यापुढे समई लावून ठेवली होती, तीही भरीस भर. एरवी चर्चेला दहा डोकी जमली तर आपण चहा वाढवून सांगतो. त्या दिवशी फाटकाबाहेरपर्यंत माणसं. मला वाटलं, सिनेमाचं प्रेम अजून शिल्लक आहे गावात! तेवढ्यात युनियनचा कुंञप्पा पुष्पचक्र घेऊन आत आला, बगलेत माझ्यावर पांघरायला घडी घातलेला लाल झेंडा. चिरुता एडत्ती फाटकापासूनच गळा काढत आली, समईपाशी पोचली, मला बघितलं, पदराने नाक पुसलं आणि चिडून म्हणाली, 'आहेस होय रे? चुलीवर भात टाकून आले मी!' मागून आमचा बस कंडक्टर भास्करन कुणाला तरी सांगत होता, 'माणूस सोन्यासारखा, पण सिनेमावर सुरू झाला की समोरची बस चुकायची.' मी खुर्चीतून विचारलं, 'कुठली बस, भास्करा?' तो दचकला, आणि मग निर्लज्जपणे म्हणाला, 'आत्ताचीच. तुमच्यापायी सोडून आलो.'

आलेली माणसं आता परत कशी जाणार? फुलं आणली होती, तोंडं सुतकी करून झाली होती, कुठेतरी काहीतरी बोलून मोकळं व्हायलाच हवं होतं. सगळे बसले आणि मतं सुरू झाली. भास्करन म्हणाला, जुनाच खरा, काळ्यापांढऱ्यात खोटं बोलता येत नाही. (तो जुना निघाला तेव्हा याचा बापही बिनलग्नाचा होता.) अच्युतन हेडमास्तर म्हणाले, जुन्यात शांतता बोलते. (वाचनालयात तो दाखवला तेव्हा मास्तर माझ्या खांद्यावर झोपले होते, शांतता नव्हे, घोरणं बोलत होतं.) कॉलेजातली अनघा धीटपणे म्हणाली, 'मला नवा आवडला, मी रडले.' मास्तर म्हणाले, 'रडणं म्हणजे मत नव्हे.' ती म्हणाली, 'झोपणं आहे का?' चिरुता एडत्तीने विचारलं, 'दोन्हीत तो मरतोच ना मेला? मग भांडताय कशाला?'

एका गोष्टीवर मात्र जुनेवाले आणि नवेवाले एक झाले. मरण कसं असावं, तर त्याच्यासारखं. 'नदीला कुणी टाके घालतं का!' असं म्हणून कुंञप्पाने डोळे टिपले. अरे, हा कुंञप्पा, पोटात वायू धरला तर रुग्णवाहिका बोलावतो! तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि विचारलं, 'काढा कुणाला आठवतो?' अनघाने जुना सिनेमा मोबाइलवर पळवत पळवत पाहिला होता. मास्तरांचं सांगितलंच. बाकीच्यांनी पाहिलाच नव्हता, नुसता मानला होता.

अंबू, तुलाही आठवत नाही. कारण तो भाग तू पाहिलेलाच नाहीस! थेटराबाहेर नाणूच्या टपरीवर वड्यांचा घाणा नेमका त्या वेळी कढईतून निघायचा आणि दर खेपेला तू उठून जायचास. तेवढ्यात काय होतं ते आता ऐक. औषध नाही म्हटल्यावर नावाडी घरी बसत नाही. दुसऱ्या वैद्याकडे जातो, तो काढा देतो, हा नाक दाबून पितो, ओकतो, परत पितो. कावातल्या देवीला कोंबड्याचा नवस बोलतो, दर्ग्यात चादरीचा. रात्रीच्या रिकाम्या नावेत बसून पोरासारखा रडतो की मला जायचं नाही. सगळी दारं वाजवून झाल्यावर, एकही उघडलं नाही तेव्हा, तो पायऱ्यांचा पहिला दगड उचलतो. आणि तेव्हा तू बोटांना तेल घेऊन आत यायचास आणि मला म्हणायचास, 'बघ, काय शांत माणूस आहे.' वड्यापायी अर्धा सिनेमा सोडलास आणि त्यावर सुनेला पूर्ण तत्त्वज्ञान ऐकवतोस? त्याला झडप बदलून देणारा कुणी भेटला असता तर पोहत गेला असता तो! आणि तो निदान पायऱ्या तरी बांधत होता. रेशमा म्हणते, तू दिवसभर सोफ्यावर आडवा पडून मालिका बघतोस. मालिकांच्या पायऱ्या कुठल्या काठाला लावणार आहेस?

मी हे सगळं तिथे बोललो, तुझं नाव न घेता. सगळ्यांनी माना डोलावल्या. हल्ली डोलावतातच, वय झालं ना माझं. 'कणारा, चुकतोयस तू,' असं तोंडावर म्हणणारा एकच माणूस आहे, आणि तो बंगळुरूला लेकाच्या सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून निजलाय.

कल्याणीला नमस्कार, नातीला पापा. बाकी सर्व ठीक.

तुझा,
कणारन

ता. क. देवूच्या हट्टापायी नवा सिनेमा पुन्हा पाहिला. मी रडलो. व्हायोलिनचा दोष.

ता. क. पुढच्या महिन्यात वाचनालयात जुना दाखवणार आहोत, काढ्याचं मधलं रीळ न गाळता. वडे आतच वाटायची व्यवस्था केली आहे. प्रमुख पाहुणा म्हणून तुझं नाव मी न विचारता देऊन बसलोय. म्हणून विनंती एवढीच, की रेशमा पुढे करते त्या कागदावर सही कर, झडप बदलून घे आणि गाडीत बसायला डॉक्टरची परवानगी मिळाली की ये. महिना कमी पडत असेल तर तसं कळव, आम्ही तारीख पुढे नेऊ. सिनेमा एवढी वर्षं थांबलाय.

ता. क. तुझा कार्डावरचा फोटो निधीशने माझ्याकडून नेला आहे. छापखानेवाल्याने पांढऱ्या फुलांची चौकट लावून ठेवली, कितीही सांगितलं तरी त्याच्याकडे दुसरी नाही. खाली 'स्वागत' घालायचं की दुसरं काही, असं तो रोज विचारतो. मी त्याला थोपवून धरलंय. उलट टपाली लिही.