काजळ पांढरी होताना

२ फेब्रुवारी

थंडी सरली. काजळचे केस गळायला लागले. खरारा फिरवला की मूठभर निघतात. शाळेतून आले, चहासुद्धा न घेता आधी तिच्याकडे गेले. डोळ्यांभोवती गेल्या वर्षी चार-दोन पांढरे केस होते, ते आता कपाळापर्यंत पोचलेत. मानेवर राखाडी झाक.

लेकानं, सुजितनं आणली तेव्हा वर्षाचं शिंगरू होती. तव्याच्या बुडासारखी काळी. काजळ नाव त्यानंच ठेवलं. तो गेला, आता तो रंगही निघाला.

ह्यांच्याशी बोलले नाही. बघितलं असेलच. रोज सकाळ-संध्याकाळ तिच्यापाशीच तर असतात.

५ फेब्रुवारी

सु. चा दुसरा स्मृतिदिन. पुण्यानुमोदन घरीच. वंदना, खीर, आलेगेले. त्याचा मित्र राहुल सकाळपासून राबत होता, सतरंज्या झटकल्या, भांडी घासली. सगळं झाल्यावर नळाखाली तोंड धरून उभा राहिला बराच वेळ. मी बघितलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या सुरूच. मागं दिवा नाही, साधं लाल फडकं नाही. अशाच एका उभ्या ट्रॉलीवर त्याची गाडी गेली. हंगाम दरवर्षी येतो, मी दरवर्षी खिडकी लावून घेते.

हे जेवले नाहीत.

१७ फेब्रु.

काजळच्या डोळ्यांभोवतीचे पांढरे केस दिसेनात. चष्मा पुसून परत बघितलं. काळेभोर.

असं होत नसतं. जन्माला काळं आलेलं घोडं पांढरं होतं, उलटं कधी नाही. सगळं माहीत असून दिवसभर वर्गात मन हलकं होतं. आठवीच्या पोरींना गृहपाठ पण दिला नाही. वेडी कुठली.

२० फेब्रु.

उलगडलं.

न्हाणीत काळ्या मेंदीची पाकिटं. हे पूर्वी केस रंगवायचे. कारखान्याच्या गेटवर नोकरी. 'म्हातारा दिसलो तर ड्रायव्हर लोकं मोजत न्हाईत' म्हणायचे. सु. गेल्यापासून ते सोडलंय. डोकं कापसासारखं झालंय. मग मेंदी कुणाला?

गोठ्यात गव्हाणीमागं माझी लोणच्याची वाटी नि दात घासायचा जुना ब्रश. दोन्ही काळे.

आधी हसूच आलं. साठीला टेकलेला माणूस घोडीच्या भुवया रंगवतोय. मग तिथंच कडब्याच्या पेंढीवर बसून रडले. वाटी धुऊन जागेवर ठेवली. 

८ मार्च

महिला दिन. शाळेत गुलाब मिळाला, काजळनं खाल्ला.

इंदापूरचे बबनराव आले होते. वरातीला घोड्या देतात. घोडी पांढरी होतेय हे कुणाकडून तरी कळलेलं. तिच्याभोवती फिरून म्हणाले, "बाई, ही सब्जाची औलाद हाय. अजून दोन-तीन वर्सं. बगळ्यावानी पांढरी हुईल बघा. तवा मला द्या, लेकीवानी संबाळतो."

हे पाण्याचा तांब्या घेऊन येत होते. ते ऐकलं नि तांब्या घेऊन तसेच मागं वळले.

बबनरावांनी तिच्या मानेवर हात फिरवला. मेंदी ओली होती. बोटं बघितली, हुंगली, माझ्याकडं बघितलं. "ऊन चढतंय, निगतो," म्हणाले, नि हात न पुसताच गेले. माणूस भला आहे. कुठं बोलायचा नाही.

१९ मार्च

राखाडी खांद्यावर आली, मेंदी तिच्यामागं धावतेय. पाकिटांना तोटा नाही. शेवटी विचारलंच.

"अहो, कशासाठी?"

"त्यानं काळी आनली हुती."

"तिच्या आई-बापातलं एक पांढरं असणार. तिकडूनच आलंय तिला ते. थांबायचं नाही."

"मला इज्ञान नगं शिकवू."

एवढंच. भांडण पण धड झालं नाही. पंचवीस वर्षं पोरांना शिकवते, घरात माझं कुणी ऐकलं असेल तर शपथ. ऐकायचा तो एकटा. ऐकून वर चुकाही काढायचा.

२ एप्रिल

सकाळी काजळचा डावा डोळा सुजून बंद. गालफडावरची कातडी सोललेली. जवळ जाऊ देईना. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला, ते लगेच आले.

"काय लावलं हुतं?"

आम्ही दोघं चोरासारखे उभे. डॉक्टरांच्या लक्षात आलं. आवाज न चढवता म्हणाले, "तात्या, ह्यात औषध आसतं. मान्साला सोसतं, तेबी समद्यांना न्हाय. बंद करा. डोळा जाईल तिचा."

ते गेल्यावर हे हौदाच्या कट्ट्यावर बसले. नखं काळी. मी चहा नेऊन दिला, तसाच निवला. मला राग यायला हवा होता. आला पण. मुक्या जनावराचा काय दोष? पण त्या नखांकडं बघून राग टिकेना.

४ एप्रिल

डोळा उघडला. दिसतंय तिला. मी वाचले.

ह्यांनी नवीनच काढलं. "त्या धनगरानं फसवलं गं आपल्या पोराला. पांढरी हुनारी घोडी काळी म्हनून गळ्यात बांदली. जाब इचारायला पायजे."

बिरूआबा, कळसचे. मेंढरं घेऊन कोकणात आहेत. ज्येष्ठात परततील. तोवर ह्यांना राग धरायला जागा झाली. असू दे. माणसाला काहीतरी धरायला लागतं.

१४ मे

सुट्टी. उकाडा. जिथं मेंदीनं भाजलं होतं तिथं नवे केस आले. पांढरेच आले, बाकीच्यांच्याही आधी. जे लांबवायला गेलो तेच अलीकडं आलं.

पाठीवर आता गोल गोल ठिपके, ढगाळ आभाळ असतं तशी. खरं सांगायचं तर सुंदर दिसते. हे मी कुणाजवळ बोलणार नाही.

२४ जून

दहावी अ. आनुवंशिकता. वाटाण्याची उंच रोपं, बुटकी रोपं, प्रभावी गुण, अप्रभावी गुण. फळ्यावर चौकट काढली. मग कसं कोण जाणे, वाटाणे सोडून घोडीच काढली. एका बाजूला पांढरी होणारी आई, दुसऱ्या बाजूला काळा बाप. म्हटलं, आईला हा गुण तिच्या एकाच पालकाकडून मिळालेला असेल तर निम्मी पिल्लं तिच्यावर जातील, निम्मी काळीच राहतील. नाणं वर फेकल्यासारखं आहे.

एका मुलीनं विचारलं, "बाई, मग कळतं कधी?"

म्हटलं, डोळ्यांपाशी आधी कळतं.

सु. चं नाक माझं होतं. करंगळी ह्यांची, वाकडी. आमचं दोघांचं जे काय त्याच्यात उतरलं होतं ते आता कुठंच पुढं जाणार नाही. फळ्यावरची चौकट पुसताना हे सुचलं. तास संपायला वेळ होता. पोरांना चित्र उतरवून घ्या म्हणाले नि खिडकीकडं तोंड करून उभी राहिले. पण पुसून टाकल्यावर ती उतरवणार काय?

२ जुलै

कळस. सकाळीच निघालो, गाडीवर. वाटभर ह्यांची जाब विचारायची तयारी. मागं बसून पाठीवरनं कळत होतं.

बिरूआबा वाड्यावर होते, म्हणजे माळावरच्या मेंढवाड्यावर. वाघरांची जाळी, कोकरं, नि बाजूला बांधलेली एक पांढरीशुभ्र घोडी. पाठीवर बिऱ्हाड वाहून घट्टे पडलेले. काजळची आई. तेच कान. 

ह्यांनी रामराम-जयभीम काही नाही, थेट सुरुवात. "आबा, माझ्या पोराला फसवलंत."

आबांना आधी कळेचना कोण पोरगं. मग ओळख पटली. तो गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. 

मग म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. विसरायचं नाही मला.

"तात्या, फसवलं न्हाय. त्या खुट्याला हीच, तुमच्या घोडीची आय हुबी हुती, पांढरी. त्याला दावली. म्हनलं, पोरा, ही काळी ऱ्हायाची न्हाय. पाच-सा वर्सांत आयवानी हुईल. तर हसाय लागला. म्हनला, आबा, मला तेच पायजे. आमच्या आज्याला वरातीत घोड्यावर बसू दिलं न्हवतं. मी माझ्या वरातीला माझ्या सोताच्या पांढऱ्या घोडीवर बसनार. म्या म्हनलं, मग तयार पांढरी घे की, बाजारात रग्गड हायती. तर म्हनला..."

इथं आबा थांबले. हे म्हणाले, "काय म्हनला?"

"म्हनला, मला कुठं घाई हाय."

अगदी तसाच बोलायचा. तस्साच. आंघोळीला जा म्हटलं तरी, अर्ज भर म्हटलं तरी. मला कुठं घाई हाय.

सासऱ्यांच्या लग्नाची ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेली त्यानं. मुलीकडच्या गावात वेशीवरच घोडं थांबवलं होतं. नवरदेव चालत गेले. सासरे सांगताना हसायचे, नि तो कधी हसायचा नाही.

आबांनी कोरा चहा दिला. परत येताना हे एका जागी गाडी उभी करून बाभळीपाशी गेले. मला वाटलं, लघवीला. बराच वेळ आले नाहीत म्हणून गेले तर झाडाला कपाळ टेकून उभे. "त्याला पांढरीच पायजे हुती गं," म्हणाले. "नि मी काळं फासत बसलो."

दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकत्र रडलो. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

५ जुलै

न्हाणीतली पाकिटं गेली. कुठं टाकली विचारलं नाही.

१८ ऑगस्ट

हे रोज खरारा करतात, चांगला तासभर. मेंदीचे केस निघाले की चोळामोळा करून उकिरड्यावर. आता रोज विचारतात, "किती पांढरी झाली गं? अजून किती वर्सं?" मेंदी बरी होती का ही घाई बरी, कळत नाही. पांढरी झाल्यावर काय होणार आहे? कोण बसणार आहे? हे मी विचारत नाही. त्यांनाही ठाऊक आहे.

सु. असता तर यंदा सत्तावीस. मुली बघत असतो.

३० सप्टें.

बी.पी. वाढलंय. गोळी बदलली. शाळा नेहमीची. काजळच्या शेपटीत मात्र अजून काळं शिल्लक आहे. मी त्याच बाजूनं जाते.

९ नोव्हेंबर

राहुल आला. लग्न ठरलं त्याचं, तुळशीच्या लग्नानंतर. पत्रिका ह्यांच्या हातात दिली नि उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"काकी, काका, एक इचारायचं हाय. न्हाय म्हनालात तरी चालंल. मला वरातीला काजळ द्याल का? पुरी पांढरी न्हाय झाली, ठावं हाय. बबनराव म्हनले तयार पांढरी देतो. पन मला... त्यानं मला सांगितलं हुतं, आदी माझी वरात, मग तुजी, घोडी एकच."

 वाटलं, दे म्हणावं. वाटलं, चालता हो म्हणावं. दोन्ही एकदमच वाटलं. तिच्या पाठीवर दुसऱ्या कुणाचं पोर, डोक्याला फेटा, पुढं बॅंडवाले. मी कुठं उभी राहायचं तेव्हा? नि नाही म्हटलं, तर ती नुसतीच पांढरी होणार, खुंट्याला.

हे उठले, बादली घेतली नि काजळला धुवायला गेले. राहुल बिचारा चहा न पिताच गेला. 'उद्या येतो' म्हणाला.

थोड्या वेळानं हाक आली. "अगं, हिकडं ये. लवकर."

धावत गेले. काजळ नखशिखांत भिजलेली, नि काळी. मानेपासून मागपर्यंत काळी-निळी, जवळजवळ तशीच, आणली तेव्हासारखी. हे बघतच राहिलेले.

"हे कसं गं?"

"कातडी काळीच असते त्यांची. पांढरे होतात ते केस. पाणी पडलं की खालचं दिसतं."

"म्हंजी आत काळीच?"

"हो. शेवटपर्यंत."

ह्या वेळी विज्ञान शिकवू नको म्हणाले नाहीत. अजून एक बादली ओतली. मग अजून एक. मीही तांब्या घेतला. घोडी वैतागून पाय आपटायला लागली, तेव्हा थांबलो.

उन्हात उभी केली. पाठीपासून वाळत चालली. आधी एक पांढरा ठिपका, मग दोन, मग सगळीच. आम्ही दोघं बाजूला उभे. त्यांनी ओला हात तिच्या मानेवर ठेवला होता, तेवढाच तुकडा अजून काळा होता.

"राहुलला काय सांगायचं?" मी विचारलं.

"वाळू दे आदी," म्हणाले. हात काढला नाही.