साक्षीची दुर्बीण आणि माझं ऊन

२६ सप्टेंबर, दुपार
लक्ष्मीबाई, मी माझ्याशीच बोलते, हे पुढं कधी वाचून घेशील आणि म्हणशील, असं मी कधी सांगितलं? तूच सांगितलंस. काल कवळी तोंडात होती आणि तू सगळे डबे उघडून हुडकत होतीस. वर आळ मांजरावर घेतलास. म्हणून लिहून ठेवते. म्हणजे मी सांगते, धाकटी सून उज्वला लिहिते. मला अक्षर येत नाही. उज्वला माझं बोलणं सरळ करून लिहिते. डोकं सरळ करता येत नाही म्हणते. ते तिनंच लिहिलं, मी सांगितलं नव्हतं.

उद्या पुण्याची नात साक्षी येतेय, दसऱ्याच्या सुट्टीला. आजीच्या ओढीनं येतेय. उज्वला म्हणते, सूर्याचे फोटो काढायला येतेय. फोटो हे निमित्त.

२७ सप्टेंबर
साक्षी आली. नांदेडला रेल्वेनं, तिथून जळकोटला एसटीनं. पाठीवर एकच बॅग. तिच्यात थर्मासएवढी दुर्बीण, घडीचे तीन पाय, पेढ्याएवढा कॅमेरा, आणि दुर्बिणीच्या तोंडाला लावायचा चंदेरी कागद. त्या कागदाशिवाय सूर्याकडं बघितलं तर डोळा जातो म्हणे. सगळं मिळून आपल्या वरवंट्यापेक्षा हलकं. कपडे दोन जोड. आजीसाठी काय आणलंस, असं मी विचारलं नाही. दोनदाच विचारलं.

म्हणाली, आजी, सूर्यावरचे डाग टिपायचेत. इथं ऊन चांगलं मिळालं तर दिवाळीलाही इथंच येते. नाहीतर मैत्रिणी जैसलमेरला चालल्यात, त्यांच्यासोबत जाईन.
मी म्हणलं, अगं, जळकोटात दुसरं मिळतंच काय? ऊन लागंल तेवढं घे.
दिवाळी नक्की झाली. करंज्यांचं खोबरं उद्याच आणायला सांगते.
संध्याकाळी ढग आले. किरकोळ आहेत.

२८ सप्टेंबर
किरकोळ नव्हते. दिवसभर झड. साऱ्या गावाला ऊन पाहिजे, सोयाबीन काळं पडून राहिलंय. फोटोसाठी ऊन मागणारी मात्र आमची एकटीच.
सकाळी मी म्हणलं, न्याहारीपर्यंत उघडतंय. मग म्हणलं, जेवणापर्यंत. मग म्हणलं, चहापर्यंत. साक्षी म्हणाली, आजी, मोबाईल सांगतोय उद्याही ढगच. मी म्हणलं, मोबाईल कधी जन्मला? मी ह्या आभाळाखाली म्हातारी झाले.
ठराव: आभाळाचं भाकीत पुन्हा करायचं नाही.
रात्री वारा फिरला. उद्या लख्ख ऊन.

२९ सप्टेंबर
झड. पण उपाय सापडला. भोकरला माझी बहीण धुरपताबाई राहते. तिला फोन लावला. म्हणाली, हाव, हितं लई ऊन पडलंय, ये की. मी साक्षीला उठवलं, बॅग उचलली, एसटीत बसलो. नांदेडला गाडी बदलली. दुर्बीण साऱ्या वाटेनं मी मांडीवर घेतली, लेकरासारखी. कंडक्टर म्हणाला, मावशी, ह्यात काय हाय? मी म्हणलं, सूर्याचं मशीन. तो खिडकीबाहेर बघून म्हणाला, मग बिघडलंय बगा.
असल्या माणसाला काय बोलावं?
भोकरला उतरलो तर पाऊस. धुरपताबाई म्हणाली, आत्तापातूर ऊन होतं गं! नंतर तिच्या सुनेकडून कळलं, तीन दिवस ऊन नाही. बहिणीला भेटायची धुरपताबाईला हौस, म्हणून लेकरांना इतकी खोटी आशा लावायची? असा स्वभाव आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाचा नाही.

३० सप्टेंबर
परत आलो. उज्वला दारातच म्हणाली, आत्याबाई, काल तुम्ही गेल्या आणि असं ऊन पडलं की गोधड्यासुद्धा वाळल्या.
साक्षीनं गोधडीवर हात फिरवला आणि आत गेली. मैत्रिणीशी फोनवर बोलून राहिली होती. मला जैसलमेर एवढंच ऐकू आलं. ऐकायला मी दाराशी उभी नव्हते, दार माझ्याजवळ होतं.

१ ऑक्टोबर, सकाळ
खंडेनवमी. आभाळ धुतल्यासारखं निळं. म्हणलं होतं ना!
पहाटेच उठून हत्यारं पुजली. विळा, खुरपं, कुऱ्हाड, उज्वलाची शिलाई मशीन. साक्षी झोपलेली. तिचं हत्यार राहिलं तर आज चालेल कसं? दुर्बिणीवर झेंडू ठेवला. कॅमेऱ्याला नुसतं वरून कुंकू लावणं मनाला पटेना. झाकण फिरवून काढलं तर आत टिकलीएवढी काच. म्हणलं, हाच ह्याचा डोळा. चिमूटभर हळदकुंकू वाहिलं, झाकण होतं तसं लावलं.
आता ऊन कुठं जातंय?

१ ऑक्टोबर, दुपारच्या आधी
फोटो निघाले! साक्षी गच्चीवरून ओरडली, आजी, केवढे डाग! लॅपटॉपवर पांढरा गोल सूर्य, त्यावर काळ्या डागांचा झुबका. असे डाग मी कधीच बघितले नव्हते, म्हणाली. मला मिठी मारली. म्हणाली, आजी, तुझं गाव बेस्ट आहे.
उज्वला, हे मोठ्या अक्षरात लिही.
खोबऱ्याचं आज पुन्हा सांगितलं. रवाही.

१ ऑक्टोबर, संध्याकाळ
सूर्य सरकत सरकत चौकटीच्या कडेला गेला. डाग जागचे हलेनात. शेवटी सूर्य चौकटीबाहेर निघून गेला, डाग तिथंच.
साक्षीनं दुर्बिणीतून कॅमेरा काढला. काच बघितली. मग माझ्या बोटाकडं बघितलं.
मी म्हणलं, थांब, त्यात काय एवढं? पदरानं पुसून दिलं. ह्या पदरानं तीन पिढ्यांची नाकं पुसली, कुणाची तक्रार नव्हती. काचेची झाली. सगळ्या काचेवर लाल झालं, वर ओरखडा. साक्षी म्हणाली, आजी, हात लावू नको. हळू म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं.

२ ऑक्टोबर, दसरा
साक्षी सकाळच्या गाडीनं गेली. कॅमेरा पुण्यात दाखवायचाय. आपट्याचं पान हातात देऊन पाया पडली. म्हणाली, मी रागावले नाही गं. पण दिवाळीला तिकडंच जाते, तिकडं ऊन हमखास असतं.
मी म्हणलं, जा की. मला कुठं वेळ हाय?
तिचं काच पुसायचं मऊ कापड दोरीवर राहिलंय. ते न्यायला तिला यावंच लागेल. उज्वला म्हणते, आत्याबाई, राहिलं न्हाई, तुमच्यासाठी ठेवून गेली. पुढच्या वेळी पदर नको म्हणून. उज्वलाला कुणी विचारलं? पण साक्षी पुढच्या वेळी म्हणाली ना? तेवढं लिही.
आणि हे लिहून झालं की ऊठ. जैसलमेरच्या वाटेवर खायला धपाटे कर, कारळाची चटणी दे, दिवाळीच्या आधी तिला पोचतील असं पाठव. शेव दे, चिवडा दे. करंज्या पाठवू नको. त्या तिनं हितं येऊन खायच्या.