गुरुवारचा अंगठा

४ ऑगस्ट, सोमवार
आलं — जुना लॅपटॉप, साडेआठ हजार. माउस, एकशे ऐंशी. पिशवी फुकट, पण चेन तुटकी.
सक्करदऱ्याच्या विहारातल्या संगणकवर्गात माझं नाव लागलं! तीस बाया. शनिवारी दुपारी बारापर्यंत जिच्या घरी पायथनची पहिली फाइल चालेल, तिचीच जागा पक्की. एकतिसावी शेजारची चारुशीला, वाट पाहत. दहावीनंतर माझं नाव फक्त राशनच्या यादीत आलं होतं.
हे म्हणाले, "गॅस बुक कराले मले फोन देतेस, अन् आता हे?"

५ ऑगस्ट, मंगळवार
पायथन काल दीप्ती मॅडमनी वर्गातच टाकून दिलं. राहिलं ते घरी करायचं — आधी एडिटर, म्हणजे कोड लिहायची पाटी. मग त्यात पायथनचं एक्स्टेन्शन, म्हणजे पाटीला पायथन समजू लागतं. दोन्ही टाकलं. फोल्डर केलं, उघडलं. मध्येच इंग्रजी चौकट आली. मुलाची जुनी डिक्शनरी काढून वाचली. विचारत होती — या फोल्डरमधल्या फायली लिहिणाऱ्यांवर तुमचा विश्वास आहे का?
कोण कुठले लिहिणारे, मी काय ओळखते? सकाळीच वंदनेत चौथं शील घेतलेलं, खोटं बोलणार नाही म्हणून. "नाही" दाबलं. चौकट गेली. मग माझं नाव उमटवणारी एका ओळीची फाइल लिहिली.

६ ऑगस्ट, बुधवार
फाइल चालवायचं त्रिकोणी बटण येतच नाही. वर एक पट्टी आली आहे, ती हलत नाही. एक्स्टेन्शन आहे, पण झोपलेलं. तीनदा काढलं, तीनदा टाकलं. दिवसाचा नेट संपला. वांगी करपली.

७ ऑगस्ट, गुरुवार
मॅडमनी ग्रुपवर विचारलं, झालं त्यांनी अंगठा दाखवा. एकामागून एक अंगठे! सगळ्यांचं झालं, माझंच अडलं. तेवढ्यात चारुशीला दारात.
"झालं का वं कौसल्या? नसन होत तर सांगजो. मी तयारच बसून आहो."
ती गेल्यावर मीही अंगठा पाठवला.

८ ऑगस्ट, शुक्रवार
नाही चाललं.

९ ऑगस्ट, शनिवार, पौर्णिमा
विहारात पंचशील घेताना चौथं मी गाळलं. तीन दिवस लॅपटॉपशी खोटं बोलले नाही, आणि माणसाशी बोलले!
घरी येऊन दीड वाजता मॅडमना फोन केला. अंगठा खोटा होता, सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, यादी बारालाच वर्गाच्या कार्यालयात गेली होती. त्यात माझ्यापुढे "झालं". मग पडद्याचा फोटो मागवला. म्हणाल्या, फोल्डर उघडताना चौकटीत तुम्ही नाही म्हटलं, म्हणून एडिटरने एक्स्टेन्शन बंद ठेवलं आहे. मी म्हटलं, लिहिणारे ओळखीचे नाहीत, कसं हो म्हणू?
"काकू, त्या फोल्डरमध्ये फायली किती?"
"एकच."
"ते कोनं लिहिली?"
"मी," म्हटलं.
"मंग?"
पट्टीवर माउसचा बाण नेऊन तीच चौकट पुन्हा उघडली, "हो" दाबलं. एक्स्टेन्शन जागं झालं, त्रिकोण आला. दाबला. खाली उमटलं — कौसल्या. घड्याळात सव्वादोन.
"चाललं ना शेवटी," मॅडम म्हणाल्या. "यादी राहू द्या आता तशीच."

१० ऑगस्ट, रविवार
वर्गाच्या कार्यालयाला पाठवलं, त्याची नक्कल —
"माझी फाइल शनिवारी दुपारी सव्वादोनला चालली, बाराच्या आत नाही. गुरुवारचा अंगठा खोटा होता. यात दीप्ती मॅडमची चूक नाही. फाइल सोबत जोडली आहे, लिहिणारी मीच. जागा माझी राहिली की चारुशीलाबाईंना दिली, ते उलट टपाली कळवावे."