मास्टर आमोआकोंचा पुसलेला कप्पा

कुमासी, मंगळवार

ती. ओसाफो मामांना भाचा न्यामेचे याचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुम्ही कसे आहात? रीत म्हणून विचारत नाही, खरंच विचारतोय. जेवण जातं का? छातीत काही दुखतं का? पुढचं वाचण्याआधी भिंतीला टेकून बसा.

मास्टर आमोआको गेल्यापासून त्यांचं मयताच्या पोस्टरांचं दुकान मी चालवतो (थोरल्या मामांचं नाक पोस्टरवर वाकडं आलं म्हणून तुम्ही वर्षभर अबोला धरलात, तेच दुकान). गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरमधली जागा संपली. डिस्कमध्ये मास्टरांनी एक वेगळं पार्टिशन, म्हणजे स्वतंत्र कप्पा, करून ठेवलं होतं, नाव काही नाही, नुसता ठिपका. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला एवढी जागा कशाला, आणि दिलं उडवून. मशीन बंद करून पुन्हा लावलं तर पडदा काळा आणि त्यावर एकच ओळ, की सुरू करण्यासारखं इथे काही नाही. वायरी काढल्या, घातल्या. आईने पास्टरांकडून मंतरलेलं तेल आणून कीबोर्डला लावलं (आता तीन अक्षरं चिकटतात). पडदा काळाच. कान लावला तर आत कुणीतरी घसा खाकरत होतं. मास्टर बोलायच्या आधी अगदी असेच खाकरायचे.

शेवटी शेजारच्या फिफीला बोलावलं (हा रेडिओ, फ्रिज आणि कॉम्प्युटर एकाच स्क्रू ड्रायव्हरने उघडतो). त्याने पेन ड्राइव्हवरून मशीन जागं केलं आणि सांगितलं, की मशीन ज्याच्या जोरावर सुरू होतं ते सगळं मास्टरांनी नेमकं त्या ठिपक्यातच ठेवलं होतं. मी म्हटलं, म्हणजे गेलं सगळं. तो म्हणाला, "गेलं कुठे? तू नुसता पत्ता पुसलास. माणूस घरातच आहे."

भर दुपारी मला थंडी वाजली. तासाभरात त्याने कप्पा परत आणला आणि मशीन मुकाट सुरू झालं. कप्प्यात पोस्टरं होती, मामा, गावातल्या जिवंत माणसांची. मास्टर आगाऊ तयारी करून ठेवायचे, मरणाच्या तारखेची जागा मोकळी सोडून. ते मी समजू शकतो, घाईत काम केलं की नाक वाकडं येतं. पण आपल्या हेडमास्तरीणबाई मार्चमध्ये गेल्या, आणि त्यांच्या पोस्टरवर मार्चची तीच तारीख होती. पाववाल्या मावशींच्या पोस्टरवर जूनची, तीही बरोबर. मास्टर स्वतः जानेवारीतच गेले. त्यांच्या शवपेटीला मी खांदा दिलाय. फिफी म्हणाला, मशीनमधलं घड्याळ बिघडलं असेल, आणि स्क्रू ड्रायव्हर इथेच विसरून निघून गेला.

शेवटचं पोस्टर तुमचं. नाक उत्तम आलंय. वय एकाहत्तर, जे तुमचं शनिवारी पूर्ण होतंय. तारीखही त्याच शनिवारची. शनिवार आपल्याकडे पुरण्याचा वार, मरण्याचा नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती टिकली नाही. तीनदा पोस्टर पुसलं, तीनदा परत आलं (फिफीने काहीतरी गरजेपेक्षा चांगलं दुरुस्त केलंय). फोटोत तुम्ही खांद्यावरून निळं कापड घेतलंय, त्यावर पांढरे पक्षी आहेत. असं कापड तुमच्याकडे नाही, तुमचं कपाट मला पाठ आहे. तेवढाच एक धीर. मामा, मला भीती वाटते. बाबांच्या मागे मला तुम्हीच वाढवलंत, तुमचं पोस्टर मला छापायचं नाही.

तुमचा,
न्यामेचे

ता. क. वापरला की झिजतो म्हणून पेटीत ठेवलेला फोन बाहेर काढा. नाहीतर बसच्या ड्रायव्हरजवळ चार ओळी द्या, तुमच्याच हाताने लिहिलेल्या.

ता. क. कुणी निळं कापड दिलं तर घेऊ नका.

ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात आई आली. तुमच्या वाढदिवसाचं पुडकं तिने सकाळच्याच बसने पाठवलंय. आत काय आहे विचारलं, तर म्हणाली, "पक्षी आहेत, दादाला आवडतील." हे पत्र दुपारच्या बसने येतंय. नवं कापड हाती आलं की तुम्हाला दम निघत नाही, म्हणजे एव्हाना ते अंगावर असेलच. काढून ठेवा. आणि काही झालं तरी त्यात फोटो काढून घेऊ नका.