कळी उमलेपर्यंत

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, सर्दीही गेली. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी तू डोळे ताणू नकोस. दादाकडून वाचून घे.

तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. आणि वर लिहितेस, "साधंच तर ऑपरेशन आहे डोळ्याचं, तू तुझा अभ्यास बघ."

तोच बघतेय गं. कॉलेजच्या बागेतल्या बारा फांद्यांना मी दोरे बांधलेत. रोज सकाळी सात वाजता प्रत्येक फांदीवरच्या एका कळीची लांबी मोजायची, ती उमलेपर्यंत. थंडी सरली की आठवड्याभरात उमलतील, असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्याला तीन आठवडे झाले. मैत्रीण म्हणाली, "तू जा घरी, मी मोजते." पण हात बदलला की माप बदलतं, म्हणून मॅडमना शेवटपर्यंत एकाच हाताच्या नोंदी लागतात. एक दिवस चुकला तर वर्ष पाण्यात.

वीस तारखेला ऑपरेशन झालं की तुझ्या डोळ्यात थेंब कोण घालणार? दादाचा हात जड आहे. (हे वाचताना त्याने गाळू नये.) त्याला आधी स्वतःच्या डोळ्यात पाणी घालून सराव करायला सांग.

आज सकाळी बागेत कुणी नाही असं पाहून मी एका कळीभोवती ओंजळ धरली आणि तिला ऊब मिळावी म्हणून बराच वेळ तोंडाची वाफ देत राहिले. मग माप घेतलं. कालचंच होतं.

तुझी,
धांदरट